कातळावरचं वाळवण

लंडनहून येणाऱ्या भावपत्रकात आमच्या डोंगरांचं नाव नव्हतं. वेल्ह्याच्या वरच्या रानातला हिरडा तिकडे ज्या नावानं विकला जायचा, ते नाव मध्यप्रांतातल्या कुठल्याशा गावाचं होतं. त्या गावाकडचा माल म्हणे आधी विलायतेला पोचला, म्हणून त्या प्रतीच्या सगळ्याच हिरड्याला तेच नाव चिकटलं. हे मी मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "नाव घेऊन काय चाटायचंय? माल गेला म्हणजे झालं." मला तेव्हा हे उत्तर अडाणीपणाचं वाटलं. पुढे दोन हंगाम या धंद्याची पत्रं लिहिल्यावर कळलं, की वेल्ह्यापासून लंडनपर्यंत जो तो एवढ्याच शहाणपणावर पोट भरतो.

मामांकडे संस्थानच्या हिरड्याचा मक्ता होता. रान भोर संस्थानचं, झाडंही संस्थानची; त्यांचं फळ गोळा करून बाहेर विकायचा हक्क तेवढा मक्त्याच्या मुदतीपुरता मामांचा. आपल्याकडे हिरडा लागतो तो खोकल्याला नाहीतर पोटाला. विलायतेत त्याची पूड करून तिच्यात कातडं कमावतात. दुसरी मोठी लढाई पेटली तसं तिकडे बुटांना, पट्ट्यांना, खोगिरांना कातडं कमी पडायला लागलं, आणि मामा स्वतःला लढाईतला माणूस समजायला लागले. पाहुणे आले की सांगायचे, बादशहाच्या फौजेच्या पायात आमचा हिरडा आहे. पाहुणे मान डोलवायचे आणि चहाची वाट बघायचे.

मी पुण्याच्या लष्कर भागातल्या इंग्रजी शाळेत शिकले. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून होते. लढाई लागल्यावर त्यांची बदली लांब उत्तरेला झाली, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि मॅट्रिक झालेल्या मला भोरला मामांकडे ठेवलं, तात्पुरतं. तात्पुरतं हा शब्द मोठ्या माणसांच्या फार सोयीचा असतो. मामींना आठवड्याभरात समजलं की मला भाकरी थापता येत नाही. मामांना त्याच आठवड्यात समजलं की मला इंग्रजी पत्र लिहिता येतं. तेव्हापासून मी मागच्या खोलीत टेबलाशी बसायला लागले. चार माणसांत मामा मला "आमची मडम" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी हसत नसे, बोलतही फारशी नसे. घरातल्यांना तो इंग्रजी शाळेचा ताठा वाटायचा. वाटू दिला. ताठा समजलं की माणसं निदान लांब तरी राहतात.

एक फळ झाडावरून बोटीत जायला किती जणांची परवानगी लागते, हे मी त्या टेबलाशी शिकले. जंगल खात्याचा रहदारी पास असल्याशिवाय गाडी वेल्हं सोडत नसे. पासावर गोण्यांची संख्या असे, म्हणून मार्गासनीला एकदा गोण्या मोजल्या जात आणि कापूरहोळला आमच्या वखारीत उतरवताना पुन्हा. पुढे संस्थानची हद्द संपते तिथे जकातनाका. तिथला कारकून प्रत्येक गोणीत एक टोकदार सळई खुपसून बघायचा. आत अफू आहे का, असा त्याला संशय. अफू त्याला कधी सापडली नाही. सळईनं गोणीला भोक मात्र पडायचं, आणि भोक पडलेली गोणी मुंबईला बोटीवर घेत नसत, कारण तसा बंदरावर हुकूम होता. नवी गोणी मागावी तर लढाईमुळे गोणपाटावरही परवाना. परवान्याचा अर्ज इंग्रजीत. त्या अर्जाच्या शेवटी मी "साहेबांचा अत्यंत आज्ञाधारक सेवक" असं लिहायची आणि खाली मामा मोडीत लफ्फेदार सही ठोकायचे. सळई का खुपसता, असं त्या कारकुनाला विचारायचं एकाच्याही मनात आलं नाही. त्यांच्या मते सळई म्हणजे नाका आणि नाका म्हणजे सळई. गोण्यांच्या तोंडाला एक वीत जास्त कापड सोडलं तर ते कापून भोकांवर ठिगळं लावता येतील, हा उपाय मी सुचवला. मामांनी तो पेढीला स्वतःच्या नावानं कळवला, म्हणजे मीच कळवला.

पेढी मुंबईची. ती आमचा माल घ्यायची, बोटीत जागा मिळवायची आणि लंडनच्या व्यापाऱ्याकडे पाठवायची. बोटीत जागा मिळणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. समुद्रात पाणबुड्या, जहाजांवर आधी लष्करी सामान, त्यातून उरलेल्या जागेसाठी निम्मी मुंबई रांगेत. त्यामुळे लंडनचा व्यापारी चिडून असे, त्याचा राग पेढीकडे येई, आणि पेढी तो राग नियमांच्या रूपानं आमच्याकडे पाठवी. बोटीत जागा एवढीशी, मग तीत वाईट माल कशाला न्यायचा, असा तो हिशेब.

असंच एक पत्र दिवाळीनंतर आलं. कमावलेल्या कातड्यावर काळे डाग पडतात, अशी लंडनची तक्रार होती. त्यात कारणही नीट दिलं होतं. हिरड्याला लोखंडाचा अंश लागला की कातडं काळवंडतं, आणि तांबड्या मातीत लोखंड असतं. म्हणून हिरडा उघड्या दगडावर किंवा फळ्यांवर वाळवावा, त्याला माती लागू देऊ नये, लोखंडी घमेल्यात भरू नये. आयुष्यात प्रथमच मला एखादं व्यापारी पत्र समजूतदार वाटलं. मी त्याचं मराठी करून मामांपुढे ठेवलं. ते गावोगाव जंगल खात्याच्या गार्डांनी वाचून दाखवायचं होतं.

मामांनी ते हातात घेऊन त्याची लांबी पाहिली. इथला तिथला शब्द टिपला, पण वाचलं नाही.

"एवढं कोण ऐकणार? अगं, ती रानातली माणसं. दगड, लोखंड, फळ्या. त्यांना काय व्याख्यान द्यायचंय? दोन ओळी लिही. हिरडा स्वच्छ जागी वाळवावा. घाण माल घेतला जाणार नाही. स्वच्छ म्हटलं की त्यात सगळं आलं."

माझ्या मनात होतं की त्यात काहीच आलं नाही. मी दोन ओळी लिहिल्या. अक्षर वळणदार काढलं.

वरच्या वाड्यांमध्ये हिरडा गोळा करायचं काम बायकांचं. धनगरांचे पुरुष दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन खाली देशावर उतरतात ते पावसाळा तोंडावर आल्यावर परततात. मधले महिने वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि शेरडं. मामांच्या माणसानं, म्हणजे वेल्ह्याच्या मुकादमानं, प्रत्येक घराला झाडं नेमून दिलेली असत. ज्या घराचा माल चांगला, त्याच्याकडे ती झाडं पुढच्या वर्षीही राहत. अशी वर्षानुवर्षं राहून ती जवळजवळ त्या घराचीच झाली होती, आणि सासू सुनेला दागिने दाखवावेत तशी ती झाडं दाखवी. वाळलेला हिरडा मुकादमाकडे घातला की बदल्यात मीठ, नाचणी, वर्षाचं एक लुगडं. झाडं गेली तर मेंढरं परत येईपर्यंत घरात मीठही नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच मामांना त्या बायकांशी कधी आवाज चढवावा लागत नसे. "झाडं" एवढा शब्द पुरे.

माल कापूरहोळला येऊन साठला की पेढीचा तपासनीस मुंबईहून यायचा. त्याचे कागद इंग्रजीत, म्हणून त्या चार दिवसांत मामा मला रोज भोरहून सोबत न्यायचे. पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा सर्व्हिसच्या मोटरी कोळशाच्या धुरावर चालत. मोटरीच्या पाठीवर बंबासारखी शेगडी, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मामा ढकलत नसत. ते बाजूनं चालत आणि ढकलणाऱ्यांना कसं ढकलावं ते सांगत.

तपासनीस हा पांढऱ्या पाटलोणीतला, नाकाशी रुमाल धरणारा तरुण होता. त्याच्याजवळ एक छोटी पितळी हातोडी होती. गोणीतून मूठभर हिरडे काढायचे, त्यातला एक फोडायचा, आतला पिवळेपणा बघायचा, आणि पुढच्या गोणीकडे जायचं. त्यानं आयुष्यात हिरड्याचं झाड पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं की हे वेलीला लागतं का. मी "नाही" म्हटलं आणि आणखी काही सांगितलं नाही.

वेल्ह्याच्या वरच्या एका वाडीच्या गोण्या उघडल्या तेव्हा त्यानं हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. तळवा तांबूस तपकिरी झाला होता. त्यानं वास घेतला. मग वहीत इंग्रजीत एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तो शब्द आमच्या शाळेत कुणी शिकवला नव्हता, पण मला येत होता. शेण.

त्या वाडीच्या सगळ्या गोण्या वेगळ्या काढल्या गेल्या. मामांनी तपासनिसाला चहा पाजला, मुकादमाला शिव्या दिल्या आणि तिथेच जाहीर करून टाकलं की त्या वाडीतली झाडं काढून घेतली जातील. तपासनीस खूश झाला. शिक्षा झाली की तपासणी झाल्यासारखी वाटते, मग माल सुधारो न सुधारो.

दोन दिवसांनी त्या वाडीतली एक बाई वखारीच्या दाराशी येऊन उभी राहिली. गाडीवानाकडून तिला कळलं होतं. मार्गासनीपर्यंत ती कुणाच्या तरी बैलगाडीत आली होती आणि पुढे पायी. पन्नाशीची असावी, काळीसावळी, काटक. नेसूचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात काठी. वाडीच्या वर डोंगराच्या सोंडेला तिची सात झाडं होती, हे मला यादीवरून माहीत होतं. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"मालक, माजा माल घान म्हनं."

"म्हणं काय? वास घे की," मामा म्हणाले.

"वास शेनाचाच येनार. शेनानं सारवल्याव गुलाबाचा येईल व्हय?"

मुकादम हसला. मामांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

"पण सारवायला तुला सांगितलं कुणी?"

"तुमीच. कागुद आला न्हवं का तुमचा. गार्डानं समद्या वाडीला गोळा करून वाचला. सवच्छ जागंवर वाळवा. आता आमी आदी कातळावर टाकायचो. माज्या सासूपासनं. पन कातळावर शेरडं मुतत्यात, कावळं बसत्यात, ती काय सवच्छ जागा म्हनायची? म्हून समद्या जनींनी आंगनं उकरली. खालनं तांबडी माती वाहून आनली. चोपली. रोज सकाळी ताजं शेन घालून सारवायचं आनि वाळलं की मंग हिरडा पसरायचा. आंगुळ केल्याबिगर एकीनं हात लावला न्हाई. खंडोबाचा निवद बी येवड्या सवळ्यानं करीत न्हाई आमी."

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. एवढं केलंय हे मालकांना कळलं नसेल, कळलं की चूक दुरुस्त होईल, अशा खात्रीनं सांगत होती.

त्या बायका पिढ्यान् पिढ्या उघड्या कातळावर हिरडा वाळवत होत्या. लंडनला हवं होतं तेच. ऊन खाल्लेला स्वच्छ काळा दगड, त्याला माती नाही, लोखंड नाही. आमचा कागद येईपर्यंत त्या वाडीच्या मालात काही खोट नव्हती. आम्ही त्यांना कातळावरून उठवून तांबड्या मातीवर बसवलं होतं, तेही माझ्या वळणदार अक्षरात.

मामांना यातलं काही कळलं नाही, कारण त्यांनी ते पत्र मुळात नीट वाचलंच नव्हतं. ते म्हणाले, की कारणं सांगू नको. घाण माल देणाऱ्यांकडे झाडं ठेवली तर पेढी उद्या मलाच बाजूला करील. औंदा झाडं दुसऱ्याला.

"दुसऱ्याला काय ठावं हाय त्यांच्यातलं?" ती म्हणाली. "मला सासूनं दावली. कंचं कवा गळतं, कंच्याला कीड लागती, समदं. मालक, झाडं नगा काडू. माल परत न्हेते. धुते."

"धुतलास तर कुजेल," मुकादम म्हणाला. हे मात्र खरं होतं.

मी म्हटलं, "मामा, पत्रात कातळच होता."

काय बोलले यापेक्षा मी बोलले याचंच सगळ्यांना नवल. तपासनिसानंसुद्धा हातोडी थांबवली.

"कसला कातळ?" मामांनी विचारलं.

"मुंबईच्या पत्रात. दगडावर वाळवा असं होतं. मातीवर नको असं होतं. आपण ते गाळलं."

मामांचा चेहरा मी नीट पाहिला, कारण अशा वेळी माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपली चूक आहे हे त्यांना कळायला एक क्षण लागला, आणि ती चूक या पोरीनं मुकादमासमोर, तपासनिसासमोर आणि एका धनगरणीसमोर सांगितली हे कळायला त्याहूनही कमी. ते म्हणाले, "तू तुझे कागद बघ." मग बाईला म्हणाले, बघू, पेढीला विचारतो, जा आता.

ती गेली नाही लगेच. माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात आभार नव्हते. ही कोण आणि हिला कातळाचं काय माहीत, असं काहीसं असावं.

परतताना मोटरीत मामांनी मला धंदा समजावून सांगितला. आपली चूक कबूल करणारा व्यापारी आणि आपला खिसा उलटा करून फिरणारा माणूस, दोघे सारखेच, वगैरे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मजकूर सांगितला: माल खराब आल्याबद्दल दिलगीर आहोत, गोळा करणारे लोक अडाणी आहेत, वारंवार सूचना देऊनही ऐकत नाहीत, सबब त्यांची झाडं दुसऱ्यांना देत आहोत. मी मान हलवली, खोलीत गेले आणि दुसरंच पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, की चूक आमच्या कचेरीची आहे. सूचना अर्धवट पाठवली गेली. हे लोक आधीपासून उघड्या कातळावरच वाळवत आले आहेत, त्यांना पुन्हा तसं करू दिलं तर माल निर्दोष येईल. खराब झालेला माल कोरड्या कुंच्यानं झाडून खालच्या प्रतीत घ्यावा, आणि यंदाच्या चुकीसाठी गोळा करणाऱ्यांना शिक्षा होऊ नये.

मामा सही करताना म्हणाले, "अडाणीपणाचं लिहिलंस ना?"

"लिहिलंय," मी म्हटलं. मोडीतली सही इंग्रजीखाली उमटली. मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आता आठवलं की ओशाळायला होतं.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. पेढीनं माझं पत्र लंडनला पाठवलं होतं आणि लंडननं ते म्हणे फार लक्षपूर्वक वाचलं. पत्राच्या सुरुवातीला आमच्या कचेरीनं इतक्या मोकळेपणानं दोष स्वीकारल्याबद्दल कौतुक होतं. मामांना वाचून दाखवताना मी ते "पत्र पोचलं, आभारी आहोत" असं आटोपलं. खराब माल खालच्या प्रतीत घ्यायला ते तयार होते. गोळा करणाऱ्यांवर कारवाई नको, असंही लिहिलं होतं. इथपर्यंत वाचून मी मनातल्या मनात त्या बाईला सात झाडं परत दिली.

पुढचा परिच्छेद असा होता: आपल्या पत्रावरून असं दिसतं की माल वाळवण्याच्या जागेवर कुणाची देखरेख नाही. रानातले कातळ तपासनिसाला दाखवता येत नाहीत, आणि कागदावरची सूचना शेवटच्या माणसापर्यंत बरोबर पोचेलच असा भरवसा नाही. सबब पुढच्या हंगामापासून मक्तेदारानं स्वतः बांधलेल्या सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेला हिरडाच घेतला जाईल. ओटा मोटर जाते त्या रस्त्यावर असावा.

कातळ चांगला आहे, एवढंच मी लिहिलं होतं. लंडनच्या कुठल्याशा कचेरीतल्या माणसानं, ज्यानं कातळ पाहिला नाही आणि कधी पाहणार नाही, त्यातून कातळ बंद करायचा अर्थ काढला. त्याला मूर्ख म्हणायची सोय नव्हती. त्याच्या जागेवरून त्याचं बरोबर होतं, आणि हेच मला सर्वांत किळसवाणं वाटलं. त्याला दिसत नाही ते त्याच्या लेखी स्वच्छ नाही. त्या बायकांच्या लेखी सारवलं नाही ते स्वच्छ नाही. फरक एवढाच की बायकांच्या स्वच्छतेसाठी बायकाच राबल्या होत्या, आणि त्याच्या स्वच्छतेसाठीही त्याच राबणार होत्या.

मामांना हे पत्र मात्र फार आवडलं. ते दोनदा वाचायला लावलं त्यांनी. आजवर हिरडा वाडीत वाळून त्यांच्याकडे यायचा, आता वाळवणंच त्यांच्या हातात येणार होतं. ओटा मार्गासनीला बांधायचं ठरलं. लढाईत सिमेंट मिळणं मुश्कील, परवान्याशिवाय एक पोतंही नाही, म्हणून अर्ज करायचा होता. तो मी लिहिला. कातड्याशिवाय फौज नाही, हिरड्याशिवाय कातडं नाही आणि ओट्याशिवाय हिरडा नाही, अशी एकात एक अडकवलेली वाक्यं. माझ्या शाळेतल्या बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. सिमेंट मिळालं. भोरमध्ये शाळेच्या भिंतीला मागितलेलं मिळालं नव्हतं.

पुढच्या हंगामात झाडं ज्यांची त्यांच्याकडेच राहिली. मामांनी ते मोठ्या मनानं जाहीर केलं, आणि लोकांनी त्यांना मोठ्या मनाचं मानलंही. मी रोज मार्गासनीला ओट्याशेजारच्या पत्र्याखाली बसून कुणाचा माल कधी आला त्याच्या चिठ्ठ्या लिहीत असे. हिरवे हिरडे ओतले जायचे, दोन गडी ते फावड्यानं पसरायचे. फावडी लोखंडाची होती. पत्रात तेही नको होतं, पण ओटा सिमेंटचा आहे म्हटल्यावर तपासनीस फावड्याकडे बघतच नसे.

पौषात एका दुपारी ती बाई आली. पाटी डोक्यावर नव्हती, काखेत होती, रिकामी. मामा वेल्ह्याला गेले होते. तिनं विचारलं, मालक कुठंत, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "मंग तुमीच लिवा. माजी झाडं काडून टाका."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी म्हटलं, "झाडं तर तुमच्याकडेच ठेवलीत ना? मामांनी सांगितलं."

"ठेवल्यात व्हय. झाडाला काय झालंय?" ती ओट्याच्या कडेला टेकली. मानेमागे हात नेऊन चोळू लागली. "वाळला हिरडा म्हंजी वाऱ्यासंगं चालतोय, बाय. म्हयनाभर कातळावर पडला की निम्माबी ऱ्हात न्हाई. दोन चार खेपात समदा खाली. आन् ह्यो ओला. ह्यो धोंडा हाय. वाडीवरनं येल्ह्यापतूर डोक्यावर, आन् तोडल्याल्या दोन दिसांत आनला न्हाई तर मुकादम म्हनतो आंबला, घेत न्हाई. रोज खेप. घरी शेरडं कुनी बगायची? ह्या मानंतनं आता हात बी वर हुत न्हाई." तिनं हात उचलून दाखवला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

मी तिला सांगायला नको होतं. पण वर्षभर ते माझ्याजवळ होतं आणि मला वाटत होतं की कुणीतरी ते बरं म्हणावं. मी म्हटलं, "तुमची झाडं जाऊ नयेत म्हणून मीच पत्र लिहिलं होतं मुंबईला. खरं काय ते सांगितलं. तुम्ही कातळावर वाळवता, कातळ चांगला असतो."

तिनं ओट्याकडे पाहिलं.

"कातळाचं सांगिटलंत?"

"हो."

"आन् मंग त्येंनी ह्यो बांदला."

"हो."

"तरी म्हनलं, त्येंला आमच्या कातळाचा पत्त्या कुनी दिला." तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारणीनं बोलता बोलता घरातली गोष्ट बाहेर सांगितली तर जसं म्हणावं, तसं ती म्हणाली. माझ्या खरेपणाची तिच्या लेखी एवढीच किंमत होती, आणि मला आजही त्यात चूक काढता येत नाही.

मग ती उठली. पाटी काखेत सरकवली आणि म्हणाली, "कुनाला बी द्या. पन त्येला येक सांगा. सोंडंवरलं शेवटचं झाड उशिरा पिकतं. समद्यांच्या मागनं. त्येला काठी लावू नगा म्हनावं, आपसूक गळंल. झोडपलं तर पुडल्या दोन वरसांचं फळ जातंय."

मी सांगते म्हटलं. ती वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. मान एका बाजूला किंचित कललेली होती, आणि डोक्यावर काही नसतानाही ती पावलं तशीच जपून टाकत होती.

संध्याकाळी मामा आले तेव्हा मी त्यांना तिचा निरोप सांगितला, झाडाचा आणि मानेचाही. ते म्हणाले, या लोकांना कष्ट नकोत, फुकटचं हवं. त्यांनी सात झाडं मुकादमाच्या मेव्हण्याला दिली. शेवटच्या झाडाचं मी मेव्हण्याला स्वतः सांगितलं, दोनदा. त्यानं हो हो म्हटलं, आणि ओट्यावर माल लवकर पोचवणाऱ्याला पेढीकडून बक्षीस आहे असं कळल्यावर त्याच आठवड्यात चार गडी लावून ते झाड काठ्यांनी झोडपून घेतलं.